साक्रीवाल्याचा रस्ता

सुरतेच्या उधन्यातली आमची गल्ली वर्षातून एकदाच गप्प होते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची पाळी सुटते, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडचे पत्र्याचे दरवाजे ओढले जातात, आणि दिवाळीनंतरची लाभपाचम उलटून आठवडा होईपर्यंत एकही मशीन वाजत नाही. नव्या माणसाला वाटेल, किती निवांत. आम्हाला मात्र पहिले दोन दिवस झोप येत नाही. भिंत थरथरत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंच अंगाला वाटत राहतं. एरवी आमच्या मांडणीतल्या वाट्या दिवसभर एकमेकींना लागून किणकिणतात. त्या दुपारी त्या थांबतात, आणि आई पीठ मळता मळता दोनदा मागे वळून बघते.

परवा दुपारी यंदाची सुट्टी लागली. कारीगर पिशव्या घेऊन स्टेशनकडे आणि बसस्टँडकडे निघाले. मशीनच्या तेलाचा वास विरत गेला. समोरच्या जिन्याशी एक बाई रांगोळी काढत बसली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज मला आमच्या ओट्यावर ऐकू आला. लूम चालू असताना तो रस्त्याच्या अर्ध्यावरही पोचत नाही. लोकांना तो आवाज ऐकून सण आल्यासारखा वाटत असेल. मला गोकुळ आठवतो, आणि चार वर्षांपूर्वीची दिवाळी.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. नाना, माझे वडील, लूमचे फिटर. सुट्टीच्या दिवशी ते कामगार संघटनेची पत्रकं वाटत. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. ‘कामगार बंधूंनो’ हे मी स्वतःहून वाचलेलं पहिलं काही. बारा तासांची पाळी, बंद पंखे, कुलूप घातलेले मागचे दरवाजे, हे सगळं मला आधी छापील स्वरूपात कळलं आणि मग डोळ्यांनी दिसलं. अशा वाचनाने माणूस लवकर पेटतो. त्याला एक खोडही लागते. पत्रकात दोनच बाजू असतात, आणि लिहिणारा कायम बरोबरच्या बाजूला उभा असतो.

नानांनी माझं नाव क्रांती ठेवलं. आईच्या खानावळीत वीस-बावीस कारीगर जेवायला येत, त्यामुळे ‘क्रांती, भाकर आण’, ‘क्रांती, मीठ’ अशा हाका दिवसभर उठत. नांदेडकडचा संतोष ताटावर बसला की नानांना म्हणायचा, “नाना, क्रांती तर आली, पर वरण अजून पातळच हाय बगा.” नाना हसायचे नाहीत. आई हसायची, आणि संतोषच्या ताटात मुद्दाम वरचं पाणी वाढायची.

ही माणसं ज्या खोल्यांत राहतात, तिथे गादी एकाची नसते. दिवसपाळीचा सकाळी उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच गादीवर पडतो. गादी गार होत नाही. उशी एक, पांघरूण एक, भिंतीतला खिळा एक. त्या खिळ्यावर सकाळी एकाचा शर्ट, संध्याकाळी दुसऱ्याचा. कुणाला त्यात काही वाईट वाटत नाही. वस्तू रिकामी पडून राहिली तरच त्यांना चुकल्यासारखं होतं. त्या दिवाळीत जे झालं, ते या सवयीतून झालं. सवय त्यांची होती आणि तिला तत्त्वाचं नाव मी दिलं.

गोकुळ साक्री तालुक्यातला, दहिवेलजवळच्या एका खेड्यातला. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, दिवसपाळीला. आमच्या घरात आई-नानांची बोली अहिराणीच, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून घरचा झाला. आईला मावशी म्हणायचा, मी त्याला दादा म्हणायची. लूमवरची माणसं मोठ्याने बोलतात, हा मात्र ताटावर बसून ओरडायचा, आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचा. शेडमध्ये तर कुणी बोलतच नाही. आठ वर्षं तिथे काढलेल्या माणसाला हातवाऱ्यांची एक पूर्ण भाषा येते. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. पोटावरून मोठा गोल हात फिरवला की शेठ आला. गोकुळ ही भाषा खानावळीतही वापरायचा आणि आईने नवीन लुगडं नेसलं की गमतीने पोटावरून हात फिरवायचा.

खोलीत जागा नव्हती म्हणून त्याने एक जुना कॉम्प्युटर आमच्याकडे, पिठाच्या डब्यांशेजारी आणून ठेवला होता. कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला. पोरं त्यावर बस चालवण्याचा एक खेळ खेळायची. पेनड्राइव्हवरून आलेला, फुकटातला. परदेशातले गुळगुळीत रस्ते, हिरवी कुरणं, रिकामे थांबे. संतोष त्यात बस चालवताना वैतागायचा. “कामून एक मानूस मधात येत नाही? असा कुठं रस्ता असतोय का?”

त्या एका वाक्यावरून गोकुळने काम सुरू केलं. आहे त्या खेळात खेळणाऱ्याने स्वतःची भर घालायची, तिला मॉड म्हणतात. कुणी नवी बस बनवतं, कुणी नवं गाव. गोकुळने सुरतहून दहिवेलचा रस्ता बनवायला घेतला. गावी जाताना तो खिडकीशी बसून दर किलोमीटरला फोटो काढायचा, आणि पाळी सुटल्यावर जेवणाच्या आधीचे दोन तास एकेक वळण मांडायचा. दोन वर्षं. बारडोलीपुढे साखर कारखान्याकडे निघालेली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. व्यारा, सोनगड. नवापूरला राज्याची हद्द ओलांडली की बदलणाऱ्या पाट्या. कोंडाईबारीचा घाट, घाटात बंद पडलेला ट्रक आणि त्याच्यामागे ठेवलेले दगड. बस पुढे निघून गेल्यावर ते दगड तसेच रस्त्यात राहतात, हेही त्याने केलं होतं. आणि मधे येणारी माणसं. संतोषला त्याने रस्ता ओलांडणारा म्हातारा केलं होतं.

आवाजांचं काम माझ्याकडे होतं. उजव्या कानाने त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि डाव्याचा भरवसा उरला नव्हता. तो बस सुरू करायचा आणि माझ्याकडे बघायचा.

“क्रांती, हॉर्न मोठा व्हयना का?”

“थोडा कमी कर.”

“आते?”

“आता बरोबर.”

“आनि पाऊस?”

“पाऊस नाही दादा, तळल्यासारखा आवाज येतोय.”

अशी संध्याकाळ जायची. भज्यांच्या कढईशेजारी बसून आम्ही कोंडाईबारीचा पाऊस दुरुस्त केला. मला आजही ते काम आवडीने आठवतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला सरळ सांगितलं होतं. उजवा गेला. डावा अजून वाचेल, पण लूम सोडावं लागेल, आणि लवकर. कापसाचे बोळे घालून भागणार नाही. गोकुळने मान डोलवली. बाहेर येऊन मला म्हणाला, “लूम सोडीसन मी काय करू? बोलाले तिन्हं काय जास?” त्याचं दहावीनंतर शिक्षण नव्हतं. त्याला दुसरं एकच काम येत होतं, आणि ते पिठाच्या डब्यांशेजारच्या कॉम्प्युटरवर होतं.

मॉड लोकांपर्यंत पोचवायचं तर एक अडचण होती. इंटरनेटवर खेळांचं एक मोठं दुकान आहे. आम्ही त्याला नुसतं ‘दुकान’च म्हणायचो. मॉड त्याच दुकानातल्या पानावर ठेवायचं, आणि ज्याला हवं त्याने तिथूनच घ्यायचं. त्यासाठी दुकानात अकाउंट पाहिजे, आणि त्या अकाउंटवर खेळ विकत घेतलेला पाहिजे. नसेल तर बटण दाबा नाहीतर डोकं आपटा, मॉड येत नाही. पेनड्राइव्हवरचा खेळ तिथे चालत नाही.

गोकुळने खेळ रीतसर घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडे कार्ड नव्हतं, आणि अकाउंट उघडायच्या सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. आमच्या नाक्यावर मुकेशभाईंचं मोबाइलचं दुकान आहे, कारीगरांची असली सगळी कामं तेच करतात. त्यांनी आपलं कार्ड वापरलं, आपला फोन नंबर टाकला, आणि अकाउंट उघडून दिलं. अशी अकाउंटं त्यांनी गल्लीतल्या कितीतरी पोरांना दुसऱ्या खेळांसाठी उघडून दिली होती. कुणाच्याच मनात काही आलं नाही. आमच्याकडे गॅसचं कनेक्शन शेजाऱ्याच्या नावावर असतं, सिमकार्ड मेहुण्याच्या. नाव कुणाचं का असेना, वापरतो कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं.

दुकानात गोकुळने स्वतःचं नाव ‘साक्रीवाला’ ठेवलं. पानावरची माहिती मी इंग्रजीत लिहून दिली, म्हणून पासवर्ड माझ्याकडेही होता. नवरात्राच्या आधी रस्ता लोकांसमोर आला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं दहिवेलला बस न्यायला लागली. कुणीतरी लिहिलं की ट्रकमागचे दगड पाहून मला माझ्या गावचा घाट आठवला. मी ते त्याला वाचून दाखवलं. “परत सांग,” तो म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं, तरीही.

मग वेसूतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीतून निरोप आला. छोटी कंपनी, पण सुरतेतलीच. आम्हाला रस्ते आणि इमारती उभ्या करणारा माणूस हवाय, तुमचं काम पाहिलं, दिवाळीनंतर येऊन भेटा. खुर्चीवरचं काम, एसीच्या खोलीत, शांततेत. तो निरोप मी चारदा वाचला. गोकुळने तेव्हा कपाळावर हात नेऊन नमस्कार केला, पण कुणाला ते मला कळलं नाही.

आणि याच दिवसांत खानावळीत कुरकुर सुरू झाली. पोरांना तो रस्ता खेळायचा होता. त्यात त्यांची गावं होती, ते स्वतः होते. पण खानावळीतला कॉम्प्युटर गोकुळच्या कामात अडकलेला, त्यांच्या स्वतःकडे पेनड्राइव्हवरचा खेळ होता, आणि त्यात साक्रीवाल्याचा रस्ता येत नव्हता.

संतोष म्हणाला, “मी मेलो तरी मला रस्ता वलांडताना बगायचं नाही का? जर्मनीवाला बगतोय, आन् मी नाही.”

माझं डोकं तापलं. हे मी पुरेपूर कबूल करते, आणि त्यातला अर्धा राग आजही खरा मानते. रस्ता कुणाचा? रस्त्यावरची माणसं कुणाची? एका कारीगराने कानाची किंमत मोजता मोजता तो मांडला, त्याच्यासारख्याच माणसांसाठी. आणि मधे कुठलं तरी दूरचं दुकान उभं राहून म्हणतं, आधी आमच्याकडे गिऱ्हाईक व्हा. मॉड बनवणाऱ्याला ते छदाम देत नाही, आणि त्याच्या कामावर पहारा मात्र ठेवतं. लूम शेठचं, कापड शेठचं, ते आम्ही लहानपणापासून बघत होतो. आता माणसाने मोकळ्या वेळात आपल्या मनाने केलेली गोष्टही दुसऱ्याच्या आवारातच ठेवायची.

मी गोकुळला म्हणाले, “पासवर्ड सगळ्यांना देऊ. आपला कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे, तसं हे अकाउंटही.”

त्याने स्क्रीनवरची बस थांबवली. मग म्हणाला, “नोकरी पक्की व्हवू दे. मंग सगळास्ले दी टाक.”

“तोवर काय झालं? संतोषने बघितलं तर झिजणार आहे का?”

“माले भीती वाटस.”

“भीती कसली? मालकासारखा बोलतोयस दादा.”

मी ते त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाले. त्याला ऐकू गेलं. आमच्या घरात कुणाला मालक म्हणणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि ताटावर जाऊन बसला. त्याने हो म्हटलं नव्हतं. मी त्याची मान खाली गेली तेच हो धरलं.

खानावळीच्या दाराशी काळी पाटी आहे. तिच्यावर आई आजची भाजी लिहायची. सुट्टी लागायच्या दिवशी सकाळी मी भाजीच्या खाली खडूने अकाउंटचं नाव आणि पासवर्ड लिहिला. वर लिहिलं, ‘सर्वांसाठी’. गोकुळ पाळीवर होता. पोरांनी जेवून उठताना पाटीचे फोटो काढले. संतोषने मला दंडवत घातल्याची नक्कल केली. दुपारी लूम थांबले आणि सगळे आपापल्या गावाला गेले, गोकुळ शेडवरून परस्पर.

ती सुट्टी मला दिवसागणिक आठवते. रिकामी खानावळ. पालथी घातलेली ताटं. गुजरात्यांचं नवं वर्ष, बेसतं वर्ष, म्हणून पहाटेच सबरस, म्हणजे मीठ, विकायला येणाऱ्या बाईची हाक. शेडच्या दारात झोपलेली कुत्री, कारण एरवी तिथे थरथरीने त्यांना झोपवत नाही. नाना पत्रकांचे गठ्ठे उन्हात घालायचे, त्यांना वाळवी लागू नये म्हणून. मी ओट्यावर बसून दिवसातून कितीदा तरी साक्रीवाल्याचं पान उघडून बघायची. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी मला आत जाता येईना.

काय झालं ते तुकड्यातुकड्यांत कळलं. पोरं गावी पोचली आणि त्यांनी अकाउंट उघडलं. कुणी चुलतभावाच्या लॅपटॉपवर, कुणी फोनवर, कुणी गावातल्या ई-सेवा केंद्रात, नुसतं पाहुण्यांना दाखवायला. नांदेड, शहादा, चाळीसगाव, बुलढाणा, धुळे. त्याच तीन-चार दिवसांत, कधी एकाच तासाला. गादी पाळीने वापरणाऱ्या माणसांना यात काही वावगं दिसलं नाही. एक उठला की दुसरा बसतो. पण दुकानाला एक माणूस पाच जिल्ह्यांत दिसला. त्याला वाटलं, चोर शिरला. त्याने मालकाला निरोप पाठवला, हे तुम्हीच आहात का?

मालकाचा नंबर मुकेशभाईंचा होता. मुकेशभाई घरच्यांना घेऊन दिवाळीच्या टूरवर दीवला गेले होते.

लाभपाचमीला त्यांनी आपलं मोबाइलचं दुकान उघडलं, पूजा आटोपली, तेव्हा मी तिथे उभी होते. त्यांनी फोन काढून दाखवला. “मने पूछ्युं के आ तमे छो? में ना पाडी, बेन. हुं तो दीवमां हतो.” आणि मग निरागसपणे, “दर वखते ना पाडी. अग्यार वखत.”

अकरा वेळा त्यांनी खरं सांगितलं होतं. ‘नाही, हा मी नव्हे.’ मला या एका गोष्टीचं नवल अजून संपत नाही. त्या सगळ्या प्रकरणात कुणीच खोटं बोललं नाही.

दुकानाने अकाउंट कुलूपबंद केलं. मुकेशभाईंनी हातातली गिऱ्हाइकं सोडून माझ्याबरोबर अर्ज भरले. उलट उत्तर आलं की या नंबरावर आणि या कार्डावर अनेक अकाउंटं आहेत, ही अकाउंटांची विक्री दिसते, सबब निर्णय बदलणार नाही. त्याखाली कुणा माणसाचं नाव नव्हतं. पान मात्र जिवंत राहिलं. साक्रीवाल्याचा रस्ता लोक अजून चालवत होते. फक्त साक्रीवाल्याला आत जाता येत नव्हतं.

गोकुळ गावाहून आला तेव्हा आईने त्याला आधी जेवायला बसवलं. मी सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, आणि माझे ओठ मला आवरत नव्हते, म्हणून त्याला नीट कळेना. शेवटी मी कागदावर लिहून दिलं. त्याने वाचलं, ताट पूर्ण केलं, धुऊन ठेवलं. त्या दिवशी त्याने माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्याचा आवाज तर गल्लीभर जाईल इतका मोठा होता.

नवं अकाउंट उघडून त्याने रस्ता पुन्हा चढवला. मूळ सगळं कॉम्प्युटरवर होतंच. दोन दिवसांत दुकानाने ते काढून टाकलं. कारण दिलं की हे काम दुसऱ्या कुणाचं तरी, साक्रीवाला नावाच्या माणसाचं आहे.

वेसूला मी त्याच्याबरोबर गेले. काचेचं दार, आत सात-आठ पोरं कानाला हेडफोन लावून बसलेली, आणि खरोखरच शांतता. आमच्याशी बोलणारा मुलगा गोकुळच्याच वयाचा असेल. चहा दिला, काम मनापासून आवडल्याचं सांगितलं. दगडांचं नाव त्यानेच काढलं. मग म्हणाला, “पेज आपका है ना? उस पर अपना असली नाम डाल दीजिए, बस. शाम तक कर दीजिए.” त्याचंही बरोबर होतं. आदल्या महिन्यात कुणीतरी दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवून गेलं होतं. आम्ही सगळी हकीकत सांगितली, म्हणजे मी सांगितली. मूळ फायली दाखवतो म्हणालो. तो संकोचून म्हणाला की फायली तर उतरवून घेतलेल्या कुणाकडेही असतात. गोकुळ आम्हा दोघांच्या ओठांवर आळीपाळीने नजर फिरवत होता. मग त्याला बहुधा पुरेसं कळलं. तो उठला, चहाचा रिकामा कप हातात घेऊन तो कुठे ठेवायचा ते शोधू लागला.

संध्याकाळ झाली, आणि त्या पानावर नाव काही आलं नाही. चार दिवसांनी लूम सुरू झाले. गोकुळ पाळीवर गेला.

मी काय केलं? माझ्या वळणाचं जे होतं तेच. पत्रक लिहिलं. दुकान, कंपनी, शेठ, सगळ्यांची, नावं न घेता पण ओळखू येतील अशी, सालटी काढली. माणसाच्या श्रमावर कुलूप घालणाऱ्यांनो, असं काहीसं. चांगलं उतरलं होतं. नानांनी वाचून दोन ठिकाणी पेन्सिल लावली आणि म्हणाले, छापू. मी तो कागद आधी गोकुळकडे नेला. तो नळावर हात धूत होता, कोपरापर्यंत तेल. हात शर्टाला पुसून त्याने कागद घेतला आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो. मी थांबले.

“चांगलं से,” तो म्हणाला. मग कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, जणू तिथे काही राहिलंय. “आनि तू? तुन्हं नाव कोठे से?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने खरंच शोधलं होतं.

ते पत्रक छापलं गेलं नाही. मी त्यानंतर पुष्कळ लिहिलं, दुकानांबद्दलही, आणि माझं म्हणणं बदललेलं नाही. विकत घेतलेली वस्तू आपली नसते, आपण केलेलं कामही आपलं राहत नाही, आणि दाद मागायला पलीकडे माणूसच नसतो, हे अन्यायच आहेत. पण आता लिहिताना मी कागद एकदा उलटून बघते. पोरांचा दोष मी कधी काढला नाही. त्यांना एकाने दार उघडून दिलं आणि ती आत गेली. ज्याचं होतं त्याने थांब म्हटलं होतं, आणि ते मला ऐकू आलं होतं. माझे कान चांगले आहेत.

संतोष त्यानंतर वर्षभर वरणाची चेष्टा करायचा थांबला. मग पुन्हा करू लागला. माणसं किती दिवस गप्प बसणार? गोकुळ मात्र बोलायचा कमी झाला, आणि जे बोलायचा ते फार हळू, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला समजेनासं झालं होतं. कॉम्प्युटर त्याने संतोषला देऊन टाकला. रस्त्याच्या पानावर लोक अजून लिहितात. पुढचा भाग कधी, असंही कुणीतरी विचारलं आहे.

लूम चालू असताना कारीगराला दवाखान्यात जायला सवड नसते. दिवाळीची सुट्टी हीच त्यांची तपासणीची वेळ. नाना म्हणाले, कानाचा रीतसर कागद करून ठेवा, पुढेमागे संघटनेतून काही करता येईल. म्हणून काल सकाळी मी गोकुळला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तो गावाला दोन दिवस उशिरा निघणार होता.

तपासणीची खोली लहान, मधे काच. काचेपलीकडे स्टूल. तपासणाऱ्या मुलीने त्याला हेडफोन घातले आणि खुणेने सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. मग ती अलीकडे येऊन मशीनशी बसली. तिने खटका दाबला की मशीनवर एक बारीक दिवा लागायचा. उजव्या कानाला काही झालं नाही, ते अपेक्षितच होतं. डाव्या कानाला त्याचं बोट वर झालं. दुसऱ्यांदाही झालं. तिसऱ्यांदाही, अगदी वेळेवर. मी मुलीकडे बघून हसले.

मुलगी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. “ते माझा हात बघतायत,” ती म्हणाली.

ती आत गेली, त्याला स्टुलासकट भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि परत येऊन खटका दाबला. दिवा लागला. मला त्याची पाठ दिसत होती आणि मांडीवर ठेवलेला हात. तिने चकती थोडी फिरवली. दिवा लागला. आणखी फिरवली. हात तिथेच होता. तो अतिशय ताठ बसला होता, शाळेत फळ्याकडे लक्ष देऊन बसतात तसा.

ती बराच वेळ लिहीत राहिली. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, “डावा कधीपासून?”

“चार वर्षं.”

“आणि कारण काय लिहू?”

काचेपलीकडे गोकुळ अजून भिंतीकडे तोंड करून बसला होता. झालं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“लूम,” मी म्हणाले.

तिने तेवढंच लिहून घेतलं.